आठ वर्षं न लागलेली आग

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखायला असलेल्या जंगलात, आठ वर्षं आग लागली नाही, याचा मला माज होता. अभिमान म्हणावं तर म्हणता येईल, पण मी स्वतःला चांगली ओळखते. तो माजच होता. रेंज ऑफिसात महिन्याची बैठक असली की साहेब बाकीच्या गार्डांना म्हणायचे, "या बाईंकडे बघा जरा." मग मी चेहरा अगदी साधा ठेवून चहाच्या कपात बघत बसायचे आणि आतून टम्म फुगायचे. शेजारच्या बीटचा गार्ड वयाने मोठा होता, दर उन्हाळ्यात भुवया होरपळून घेणारा. तो एकदा म्हणाला, "तुमचं जंगल जळत नाही म्हणजे ते वाढतंय असं समजू नका. ते साठतंय." पोटदुखी, असं मनात म्हणून मी ते सोडून दिलं.

मी पारोळ्याकडची. घरी कापूस, ज्वारी आणि दोन म्हशी. डोंगर म्हणजे दुरून साजरे तेवढेच माहीत. वनरक्षकाच्या भरतीत धावण्यात पहिली आले आणि नेमणूक मिळाली ती थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्याही वर. आई रडली, आबा म्हणाले, "जंगलात काय शे? झाडं शेत. झाडं काय खातस का माणूसले?" पुढे लग्न झालं. नवरा धुळ्याला एका शाळेत, पण त्याची नोकरी पक्की नाही, अजूनही नाही. मुलगा सासूबाईंकडे वाढला. घर चालत होतं ते माझ्या खाकी कपड्यांवर, आणि हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं त्याला कारण म्हणून मी हेच स्वतःला सांगत आलेय.

बीटमध्ये अंजन होते, साग, धावडा, सालई, आणि नाल्यापलीकडच्या उतारावर मोह. नाल्याच्या अलीकडे माझं दोन खोल्यांचं क्वार्टर, पलीकडे पंधरा-वीस घरांचा पाडा. नोकरीच्या पहिल्याच माघात, सकाळी सकाळी, त्या उतारावरून धूर येताना दिसला. धावत गेले तर एक म्हातारी, कंबरेत वाकलेली, हातात पळसाची डहाळी, मोहाखालचा पाला गोल ओढून त्याला काडी लावून शांतपणे उभी. आग घोट्याएवढी. पाला संपला की आपोआप विझत होती. मी नवीन होते, अंगावर कडक इस्त्री होती. तिची काडेपेटी काढून घेतली, डहाळी मोडली आणि सगळा कायदा तिला एका दमात ऐकवला.

तिने ऐकून घेतलं. मग माझी बोली ओळखून तिने विचारलं, "कथानी तू, माय?"

"पारोळानी."

"मंग ते तुले समजाले पाहिजे. पाला नही जाळा ते फुलं कशा येचू मी?"

साहेब आले की ती मोडकं मराठी बोलायची, घरात तिची पावरी बोली, आणि माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. मी तिला अक्का म्हणू लागले. उतारावरचे सात मोह तिचे होते. जमीन सरकारची, झाडं सरकारची, कागदावर तिचं काहीच नाही. पण पाड्यात कुणालाही विचारा, कुठला मोह कुणाच्या घरचा ते सांगतील आणि दुसऱ्याच्या मोहाखालचं एक फूल उचलणार नाहीत. हे सात तिच्या सासूकडून तिच्याकडे आले होते. फाल्गुनात फुलं पडायला लागली की पहाटे टोपली घेऊन ती झाडाखाली असायची. फुलं अंगणात वाळवायची, थोडी घरी ठेवायची, बाकीची व्यापाऱ्याला जायची. बियांचं तेल निघायचं. वर्षातले चार-पाच महिने त्या घराची चूल त्या सात झाडांवर पेटायची. आणि त्यासाठी एकच काम वेळेत व्हावं लागायचं, फुलं पडायच्या आधी झाडाखालची जमीन मोकळी.

ते काम मी बंद केलं. पहिल्या वर्षी दम देऊन, पुढे गोडीगुलाबीने. "अक्का, झाडून काढ ना पाला, जाळस कशाले?" ती झाडायची. पण एक म्हातारी किती झाडणार? पाला झाडाखालून निघून चार हातांवर साचायचा, आणि त्यात घाणेरी उगवायची. दरवर्षीच्या छोट्या आगीत घाणेरीचं रोप मरत असे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती गुडघ्याला आली, पाचव्या वर्षी खांद्याला. वरून रंगीत फुलं, आतून नुसत्या वाळक्या काटक्यांची जाळी. मोहाची फुलं तिच्यात पडायची आणि तिथेच सडायची. अक्काची टोपली अर्धी भरेना. ती दर माघात क्वार्टरवर यायची, पायरीवर बसायची आणि तेच विचारायची. मी तिला चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे.

माझं काम मात्र जोरात चाललं होतं. थंडी सरता सरता डोंगराच्या धारेवरून जाळरेषा काढायची, म्हणजे रुंद पट्टा साफ करून त्यातलं गवत आपणच जाळून टाकायचं, की खालून आलेली आग तिथे अडावी. मग उन्हाळाभर पाठीवर पाला उडवणारा ब्लोअर, मोबाईलवर सॅटेलाइटचे मेसेज, कुठे ठिपका दिसला की पळ. अक्का एकदा पट्ट्याकडे बघत हसली होती. आम्ही जाळलं की ती जाळरेषा, तिने जाळलं की वणवा. मलाही हसू आलं होतं, पण मी दाबलं.

हवा बदलत होती, हे कळायला मला शास्त्र लागलं नाही. पहिल्या हिवाळ्यात क्वार्टरमध्ये दोन गोधड्या घेऊनही दात वाजायचे. सकाळी गस्तीला निघालं की पँट गुडघ्यापर्यंत भिजायची. हळूहळू एक गोधडी पुरायला लागली, मग माघात तीही पायाशी जायला लागली. चैत्रात सुटणारा गरम वारा माघाच्या शेवटीच झाडांत शिरू लागला. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस यायचा, गवत पुन्हा तरारायचं आणि लगेच वाळून काडीसारखं व्हायचं. सालई आधीच निष्पर्ण दिसायची. जळगावला बैठकीला गेलं की सगळे उन्हाबद्दल बोलायचे, जसं सगळेच बोलतात, रुमालाने मान पुसत. मी विचार करायचे तो एवढाच की यंदा आगीचा हंगाम लवकर लागणार, मजूर लवकर मागायला हवेत.

आठव्या वर्षीच्या मे महिन्यात दुसऱ्या एका रेंजमध्ये मोठी आग लागली आणि आम्हाला मदतीला नेलं. ती रेंजसुद्धा माझ्या बीटसारखीच होती, वर्षानुवर्षं न जळलेली, शाबासकी मिळालेली. मी तोवर आगी पाहिल्या होत्या त्या जमिनीवरून सरपटणाऱ्या. ही शेंड्यावर होती. घाणेरी पेटायची, तिच्यावरून वेली, वेलींवरून फांद्या. जुने अंजन, ज्यांच्या बुंध्याला दरवर्षीच्या आगीने कधी काही केलं नव्हतं, ते आतून धगधगत होते आणि दुसऱ्या दिवशी वारा नसताना कोसळत होते. आम्ही विझवलं काहीच नाही. जळायचं संपलं तेव्हा ती थांबली. परतताना जीपमध्ये मला आमचा उतार दिसत होता आणि त्या उतारावर काय साठलंय ते दिसत होतं. मला भीती वाटली. माज कुठे गेला ते कळलंच नाही.

पावसाळ्यात मी साहेबांना म्हटलं, मोहांच्या उतारावरची घाणेरी काढायला मजूर द्या. ते म्हणाले, जाळरेषेपुरतेच मंजूर आहेत. मग मी म्हटलं, निदान माघात, दव असताना, पाड्यातल्या लोकांकडून थोडं थोडं जाळून घेऊ, मी स्वतः उभी राहीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. "बाई, हे मला लेखी मागू नका," ते म्हणाले, "आणि तोंडीही मागितलं नाही असं समजा. आठ वर्षं झालीत तुमची. नववं होऊ द्या."

तो माघ आला. अक्का आली, पायरीवर बसली. त्या वर्षी ती फार थकलेली दिसत होती. सुनेला सोबत आणली होती, कारण एकटीने नाला ओलांडवत नव्हता. तिने विचारायच्या आधीच मी म्हणाले, "अक्का, यंदा जाळू."

तिने विचारलं, "तुना साहेब?"

"त्याले सांगानं नही. मी सोबत येस."

"थोडं थोडं जळनं ते झाड वाचस," ती सुनेला म्हणाली, जणू इतकी वर्षं हा वाद त्या दोघींतच चालला होता. "बठ्ठं एकदाव जळनं ते काय राहस?"

मी त्या दिवशी खूश होते. हे लपवत नाही. आठ वर्षांची चूक आपण सुधारतोय, तीही साहेबांच्या नाकावर टिच्चून, असं वाटत होतं.

उजाडायच्या सुमारास आम्ही तिघी उतारावर गेलो. अक्काची एक पद्धत होती, सासूकडून आलेली. गवतातून अनवाणी वीस-पंचवीस पावलं चालायचं. पाय घोट्यापर्यंत ओले झाले तर लावायची, नाही झाले तर घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. आधीचे दोन दिवस आम्ही तशाच परत गेलो होतो, पाय कोरडे घेऊन. "दहिवरच पडत नही आते," अक्का कुरकुरली होती. तिसऱ्या दिवशी आदल्या सांजेला ढग हटले होते, हवेत गारवा होता. अक्का चालली. मीही चालत होते, तर ती थांबून माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "बूटले काय समजस?"

मी बूट काढले, मोजे काढले. कित्येक वर्षांत मी त्या उतारावर अनवाणी उभी राहिले नव्हते. गवत गार होतं. पाय ओले झाले, घोट्याच्याही वर.

"वल्लं शे," अक्का म्हणाली.

"वल्लं शे. लाव," मी म्हणाले.

लाव हा शब्द माझा होता. तिने काडी ओढायच्या आधी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी मान हलवून पुन्हा एकदा म्हटलं होतं, लाव.

पहिले चार मोह अगदी तिने सांगितल्याप्रमाणे झाले. आम्ही पाला गोल ओढायचो, ती वरच्या बाजूने काडी लावायची, आग उतारावरून हळूहळू खाली सरकायची, ओल्या गवताशी येऊन फुसफुसायची आणि विझायची. सून हसत होती. मी मोबाईलमध्ये वेळ बघत होते, ऊन चढायच्या आत सातही होतील असा हिशेब करत.

पाचव्या मोहाशी आगीची एक जीभ घाणेरीखाली गेली. थोडा धूर आला. मी डहाळीने बडवलं, धूर थांबला. अक्का म्हणाली, विझनी. मलाही तसंच वाटलं. तिची पद्धत खोटी नव्हती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण ती पद्धत ज्या जंगलासाठी होती त्यात जमिनीवर एकाच वर्षाचा पाला असायचा. एक वर्षाचा पाला दवाने तळापर्यंत भिजतो. आमच्या पायाखाली आठ वर्षांचा थर होता. दवाने वरची चार पानं भिजवली, आमचे पाय भिजवले आणि खालचं सगळं हाडासारखं कोरडं राहिलं. ते मी साठवलं होतं. विझलेली आग त्याच्या आतून, धूरही न दाखवता, घाणेरीच्या बुडाशी चालत होती.

आम्ही सातव्या मोहाखाली पाला ओढत होतो तेव्हा वारा सुटला. तो वारा त्या वेळी यायला नको होता. माघात सकाळी उतारावर वारा नसतो, असायचा नाही. पाठीमागे आवाज झाला, तव्यावर ओलं काही टाकल्यासारखा, आणि वळून पाहिलं तर पाचव्या मोहामागची घाणेरी माणसाच्या उंचीच्या वर पेटली होती.

सुनेला मी पाड्याकडे पळवलं माणसं आणायला. अक्काला म्हटलं, खाली जा. ती गेली नाही. ती पाचव्या मोहाकडे चालत गेली आणि पळसाच्या डहाळीने बुंध्यापाशी बडवू लागली, इतक्या जवळ की तिच्या लुगड्याचा पदर तडतडला. मी तिला काखेत धरून ओढून आणलं. वजनाला ती काहीच नव्हती. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त माझ्या हातातून सुटायचा प्रयत्न करत राहिली.

पाड्यातली माणसं आली. बायका आल्या, पोरं पाठीवर बांधून. ब्लोअर एकच होता आणि घाणेरीपुढे त्याचा उपयोग पंख्याइतकाच, उलट ठिणग्या पुढे उडत. माणसं म्हणाली, वर जाऊन उलटी आग लावू, दोन्ही आगी भेटल्या की मरतात. मी तेव्हा मात्र नको म्हणाले. एक आग लावून बसले होते, दुसरीला धीर झाला नाही. माझ्या जाळरेषेवर माझा भरवसा होता. आठ वर्षं मी तो पट्टा अंगण सारवावं तसा राखला होता. आग धारेपाशी आली, पट्ट्याशी थांबली, मी सुटकेचा श्वास घेतला, आणि पट्ट्याच्या कडेची एक वाळकी सालई जळत जळत पलीकडे आडवी झाली.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. सॅटेलाइटचा मेसेज होता. तुमच्या बीटमध्ये आगीचा ठिपका आढळला आहे, तात्काळ खात्री करा. मी तो उघडून वाचला आणि बंद केला. बाकीच्या बीटमधले गार्ड, मजूर, शेवटी साहेब, सगळे दुपारपर्यंत पोहोचले. आग दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या खोऱ्यातल्या उघड्या खडकापाशी जाऊन संपली. शेजारच्या बीटचा तो म्हातारा गार्ड माझ्याजवळ बसला, पाण्याची बाटली दिली, आणि जे बोलता आलं असतं ते बोलला नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मोहांचं सांगते. पाच गेले. पाचवा पहिल्याच दिवशी, चौथा आणि सहावा आतून धुमसत आठवडाभर, रोज थोडे थोडे. सकाळी गस्तीवर जाऊन मी बुंध्याला हात लावायचे, तो तापलेला असायचा. आणखी दोन उभे राहिले पण त्यांना पालवी आली नाही. उरलेल्या दोघांना पानं आली, फुलं नाही. पावसाळ्यात राखेखालची माती नाल्यात वाहून गेली, नाला काळा वाहिला, पाड्यातल्या बायका तेच पाणी गाळून प्यायल्या. श्रावणात उतार हिरवा झाला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर सगळी घाणेरी होती. तिला मुळं असतात खोल, ती जळत नाहीत. मोहाचं एक रोप मला दिसलं नाही, अंजनाचंही नाही. आगीआधीच्या उन्हाळ्यांत बी रुजलंच नव्हतं बहुतेक. जमिनीला तेवढी ओलच राहत नव्हती. लोक म्हणतात जंगल पुन्हा येतं. येतं, पण तेच येत नाही. आता तिथे जे आहे ते दोन-तीन वर्षांत पुन्हा पेटायला तयार होईल आणि या वेळी त्याला आठ वर्षं लागणार नाहीत.

अक्का पुढच्या फाल्गुनात टोपली घेऊन आली नाही. सून आणि मुलगा ऊस तोडायला गुजरातकडे गेले. अक्का पाड्यात एकटी राहते. तालुक्याच्या कोर्टात तिची तारीख असते तेव्हा भरलेल्या जीपमध्ये मागे बसून जाते, दिवसभर बाहेरच्या लिंबाखाली बसते आणि पुढची तारीख घेऊन परत येते. कारण वनगुन्हा तिच्या नावावर आहे.

हे मी मागे ठेवलं होतं. आता सांगते.

आग विझली त्या संध्याकाळी साहेब क्वार्टरच्या पायरीवर बसले होते, अक्का जिथे बसायची तिथेच. म्हणाले, वरून फोन आलाय, नेहमीसारखं अज्ञात इसम लिहून चालणार नाही, आरोपी लागेल. मी म्हणाले, "साहेब, मी त्या वेळी तिथे..." त्यांनी हात वर केला. "तुम्हाला धूर दिसला, तुम्ही धावत गेलात. हो ना?" माझ्याकडे न बघता ते बोलत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला वाचवलं असं मी बरेच दिवस मानत होते. मला फक्त नाही म्हणायचं होतं, एकच शब्द. मला नवरा आठवला, मुलाची शाळा आठवली, आणि मी म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला मीच गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरच कागद घेऊन गेला होता. अक्का ओट्यावर बसली होती, हातांना फोड आले होते, त्यावर कसला तरी पाला वाटून लावला होता. मी तिच्या तोंडी लिहिलं की मोहफुलं वेचण्याकरता मी स्वतःच्या मर्जीने पाला पेटवला, त्या वेळी माझ्यासोबत माझी सून होती, दुसरे कोणीही नव्हते. सगळं माझ्या अक्षरात, माझं अक्षर चांगलं आहे. मग नियमाप्रमाणे तिला वाचून दाखवलं.

तिने सगळं ऐकलं, डोळे मिटून. मग विचारलं, "यामा तुनं नाव शे का?"

मला वाटलं आता ती बोलेल. मी त्याची वाटच बघत होते, ती बोलली असती तर मीही बोलले असते, असं मी अजून स्वतःला सांगते.

"नही," मी म्हणाले.

"मंग बराबर शे," अक्का म्हणाली. "तुनं पोर धाकलं शे."

आणि तिने अंगठा पुढे केला. त्याच्यावर फोड होता, शाई नीट लागेना. मी तिचं मनगट धरलं आणि अंगठा कागदावर दाबला.